मामाच्या खुब्याचा फोटो

ऐका ना, आधी मुंगीचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी कायम साखरेच्या डब्याजवळ सापडायची म्हणून मामानं ठेवलेलं. पण मोठी झाल्यावर नोकरीसुद्धा अशी मिळाली की नाव शोभावं. ती झीज मोजते. लोखंडाची नाही, रस्त्याची नाही, माणसांच्या आत बसवलेल्या सांध्यांची.

म्हणजे बघा, समजा एखाद्याचा खुबा गेला. डॉक्टर काय करतात, मांडीच्या हाडाचं वरचं टोक काढून तिथं धातूचा गोळा बसवतात, कमरेच्या हाडात धातूची वाटी बसवतात आणि वाटीला आतून प्लास्टिकचं अस्तर. झालं. माणूस चालला की गोळा अस्तरात फिरतो, बसला की फिरतो, उठला की फिरतो, आणि फिरता फिरता अस्तर झिजतं. किती, तर वर्षभरात जेमतेम एका केसाच्या जाडीइतकं. आणि गंमत अशी की एक्स-रेच्या फोटोत प्लास्टिक दिसतच नाही. जे झिजतं नेमकं तेच दिसत नाही, आता बोला. मग मुंगी काय करते, संगणकावर गोळ्याभोवती एक वर्तुळ काढते, वाटीभोवती दुसरं काढते, दोघांचे मध्य बघते, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या फोटोशी ताडून बघते. गोळा मधोमध होता तो वर सरकलाय, म्हणजे तेवढं अस्तर गेलं. सरकला नसेल तर हिरवा शेरा, थोडा सरकला तर पिवळा, फार सरकला तर लाल. लाल आला की डॉक्टर माणसाला बोलावून घेतात, कारण झिजलेल्या प्लास्टिकची पूड आत साचते आणि तिच्याशी भांडता भांडता शरीर आपलंच हाड खात सुटतं. आणि हे सगळं होईपर्यंत दुखत काही नाही. दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तर मुंगीसारखी माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात.

आणखी एक. ह्या फोटोंवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. कुठल्या कुठल्या इस्पितळांतून फोटो येतात आणि सगळे एका ढिगात मिसळतात. हा मुंगीच्या मॅडमचा नियम. मॅडम म्हणजे तिथल्या प्रमुख, केस पिकलेले, जीभ धारदार. त्या म्हणतात, "नाव दिसलं की डोळा लाजतो. लाजलेल्या डोळ्यानं मोजलेलं मला नको."

आता मामाकडे येऊ.

मामा नाच शिकवतो. जोडीचा नाच, हातात हात, पावलाला पाऊल, गोल गोल फिरत. बँकेच्या वरच्या मजल्यावर त्याचा वर्ग आहे, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, कोपऱ्यात जुना स्पीकर. काही वर्षांपूर्वी त्याचा डावा खुबा बदलला तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. पण काठी सुटली तशी मामानं पावलं टाकायला सुरुवात केली आणि डॉक्टरही म्हणाले, बेतानं चालू दे. मामाचा बेत आणि डॉक्टरांचा बेत ह्यांत जमीनअस्मानाचा फरक, ते सोडा.

तर हा मामा दरवर्षी वर्गाच्या कार्यक्रमात शेवटचा नाच कुणाबरोबर तरी करायचा, आणि दरवर्षी त्याच्याआधी मामीला विचारायचा, "यंदा तू?" आणि मामी दरवर्षी म्हणायची, "मी नाचले तर तुमच्याकडे शिकायला कोण येईल?" मामी शिवणकाम करते, वर्गातल्या सगळ्यांचे कपडे तीच शिवते, त्यामुळे सगळ्या नाचांना हजर आणि एकाही नाचात नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली पण एकदासुद्धा नाही. मामानंही विचारणं सोडलं नव्हतं, पण उत्तर ऐकणं केव्हाच सोडलं होतं.

आणि यंदा काय झालं, मामा आपला सवयीनं म्हणाला, "यंदा तू?" आणि मामीनं टेप उचलली आणि स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली. आकडा बघितला, तोंड वाकडं केलं आणि निळ्या कापडावर खडूनं रेघ मारली. मुंगी तिथंच जेवत होती. ती समोरच राहते आणि जेवते मामीकडे. ती सांगते की मामाचा घास हातात तसाच राहिला आणि नंतर त्यानं तो मिठात बुडवून खाल्ला.

त्यानंतर घरात नुसती धमाल. मामा स्वयंपाकघरात पावलं शिकवतोय, मामी म्हणतेय, "बाजूला व्हा, उतू जाईल," मामा म्हणतोय, "उतू जाऊ दे, डावा पाय मागे घे." मामी रोज चिडायची आणि रोज संध्याकाळी न सांगता चपला काढून उभी राहायची.

आणि एका संध्याकाळी मुंगी जेवायला गेली तर घरात चिडीचूप. मामा खुर्चीत बसलेला. नुसता बसलेला, आणि मामा असा कधी बसत नाही, त्याचा एक पाय तरी ठेका धरून असतोच.

"काय झालं?" मुंगीनं विचारलं.

"काही नाही. खुबा झिजलाय म्हणे," मामा म्हणाला. "नेहमीच्या तपासणीला फोटो काढून आलो होतो ना, आज बोलावलं डॉक्टरांनी. लाल आलंय. नाच बंद, आजपासून. आणि बहुतेक परत कापाकापी, तीही कार्यक्रमाच्या आधी."

"दुखतंय का पण?"

"अजिबात नाही. मी तेच म्हटलं त्यांना. ते म्हणाले, दुखत नाही हीच तर गोची आहे." मग तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "तुमच्यासारखे कुणीतरी मोजतात ना, मुंगे. मोजलं असेल त्यानं बरोबरच."

मामी शिवणयंत्रावरचं निळं कापड काढून त्याची घडी घालत होती. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. घडी कपाटात ठेवली आणि म्हणाली, "जेवून घे गं. गार होतंय."

मुंगी अर्ध्या ताटावरून उठली. कारण लाल शेरे काही ढिगानं निघत नाहीत. आठवड्यात एखाददुसरा, आणि ह्या आठवड्याचे सगळे खुबे तिनंच मोजलेले.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कामावर पोचली आणि तिनं आठवड्यातले लाल फोटो उघडले. पहिला, नाही. आणि दुसरा उघडला मात्र, तिला एकदम हसू आलं आणि लगेच रडू आलं. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, नुसती हाडं. पण तो मामा होता. दुसरं कुणी असूच शकत नव्हतं. एक पाऊल बाहेर वळलेलं, वजन एका पायावर, कमरेची एक बाजू उचललेली. बाकीची माणसं एक्स-रेच्या पाटीसमोर उभी राहतात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी. हा माणूस फोटोसाठी उभाच नव्हता, गाणं कधी सुरू होतंय ह्याची वाट बघत होता.

आणि मग तिच्या डोक्यात चक्क वीज चमकली. म्हणजे बघा, कमरेच्या हाडात खालच्या बाजूला दोन भोकं असतात, फोटोत चष्म्याच्या काचांसारखी दिसतात. माणूस सरळ उभा असला तर दोन्ही काचा सारख्या. कंबर वळली तर एक काच गोल आणि दुसरी चपटी. आणि कंबर वळली की तिच्याबरोबर वाटी वळते, आणि वाटी वळली की गोळा कुठे सरकला, किती सरकला, सगळा हिशोब बोंबलतो. मामाचा पहिला फोटो ऑपरेशननंतरचा, तेव्हा बिचारा काठीसारखा ताठ. आणि हा दुसरा, असा ऐटीत. दोन निराळ्या तऱ्हेनं उभं राहण्याची तुलना केली मुंगीनं. काचा कमीजास्त तिला त्या दिवशीही दिसल्या होत्या, पण तिला वाटलं, चालतंय एवढं.

ती मॅडमच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो मामाचा आहे, कंबर वाकडी आहे, मी चालवून घेतलं.

मॅडमनी चहा खाली ठेवला. "कमरेवरून मामा ओळखलास?"

"हो."

"मोजलंस तेव्हा चष्मा वाकडा नव्हता, आज झाला?"

"तेव्हाही होता."

"पण तेव्हा तो मामा नव्हता."

मुंगीचे कान लाल झाले. "तेच म्हणतेय मॅडम. तेव्हाच बघायला हवा होता. मामा असो नाहीतर कुणीही."

मॅडमनी फोटो पडद्यावर मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "लोकांना नाचता येईना की अंगण वाकडं असतं. तुझ्या मामाला नाचता येतंय म्हणून कंबर वाकडी. हे नवीनच." आणि लगेच आवाज बदलून, "फोटो परत काढावा लागेल, हे खरं. पण एकट्याचा विचार मी करणार नाही. इतक्यातले तू दिलेले सगळे लाल मी स्वतः बघणार. वाकडे असतील ते सगळे परत. आणि ह्या खुब्याला तू आता बोट लावायचं नाही. समजलं?"

"समजलं."

"आणि परत काढूनही लाल आला, तर रडत माझ्याकडे यायचं नाही."

आता खरी मजा पुढे. परत फोटो काढायचा म्हणजे मामाला सरळ उभं करायचं, आणि मामा सरळ उभा राहतच नाही. त्याला माहीतच नाही सरळ म्हणजे काय.

मुंगी रजा टाकून बरोबर गेली होती, भाची म्हणून. ती आणि मामी काचेच्या आड, एक्स-रेवाल्या दादाजवळ. आत मामा, अंगात तो मागून बांधायचा झगा, आणि त्या झग्यातसुद्धा असा उभा की जणू राजवाड्यातून बोलावणं आलंय. दादा माइकवरून बोलत होता.

"काका, सरळ उभे राहा."

"सरळच आहे की."

"डावं पाऊल समोर करा."

मामानं पाऊल समोर केलं. कंबर वर गेली.

"कंबर खाली घ्या काका."

मामानं कंबर खाली घेतली. पाऊल बाहेर वळलं.

"अहो, एक केलं की दुसरं सुटतंय."

"त्यालाच तर तोल म्हणतात," मामा आतून म्हणाला, अगदी वर्गात शिकवतो त्या आवाजात. "आमच्याकडे हे शिकायला लोकांना दोन वर्षं लागतात."

दादानं माइक बंद केला आणि मुंगीकडे वळला. "ताई, मी इथं तान्ह्या पोरांचे फोटो काढलेत. दारू पिऊन पडलेल्या माणसाचा काढलाय. हे काही जमेना."

मग तो आत जाऊन मामाच्या खांद्याला धरून सरळ करून आला. दार लावेपर्यंत मामा परत नाचाला तयार. मुंगी काचेला नाक लावून बघत होती, कारण वाकडा फोटो म्हणजे फोटोच नाही, आणि फोटो नाही म्हणजे डॉक्टरांकडे तो जुना लालच राहणार. मामा स्वतःही आता घाबरला होता. घाम आला होता त्याला. पण घाबरला की तो आणखी छान उभा राहायचा, रंगमंचावर जायच्या आधी राहतो तसा. पंचाईत झाली ना.

तेवढ्यात मामी पुढे आली, दादाला म्हणाली, "ह्याच्यात बोलू का मी?" आणि माइकजवळ तोंड नेलं.

"अहो. ऐकताय ना? आमच्या बाबांना पहिल्यांदा भेटायला आला होतात ना, मला मागायला. दारात कसे उभे होतात? तसे उभे राहा."

आत मामाचा चेहराच बदलला. कसम, मुंगी म्हणते, तिच्या डोळ्यांदेखत माणसाचा खांब झाला. पावलं जोडली गेली, हात बाजूला चिकटले, हनुवटी आत, कंबर आडव्या पट्टीसारखी सपाट. पापणीसुद्धा हलेना.

दादानं झटकन बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं. चष्म्याच्या दोन्ही काचा, एक दुसरीची जुळी बहीण.

"झालं काका," दादा म्हणाला. मामा हलेना. "काका, झालं. श्वास घ्या."

"काय हो, एवढे कडक होते तुमचे बाबा?" दादानं मामीला हळूच विचारलं.

"बाबा शांतच होते," मामी म्हणाली. "आमचा कुत्रा होता जरा तापट. तो ह्यांच्या पायाशी बसला होता."

फोटो गेला, त्याला नवा आकडा मिळाला, तो इतर फोटोंत मिसळला. मॅडमनी तो ढीग स्वतःच्या टेबलावर ओढला आणि मुंगीला बसवलं गुडघे मोजायला, पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून. त्या दिवशी मुंगीनं एकच गुडघा इतक्या वेळा मोजला की तो माणूस दारात येऊन उभा राहिला असता तर तिनं त्यालाही गुडघ्यावरून ओळखलं असतं. मागे मॅडमच्या माऊसचा आवाज, टक, टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक. मुंगीनं मान वळवली नाही. मनात म्हणत होती, लाल आला तर लाल. झिजलं असेल तर कळलेलंच बरं, उद्या पडून मोडण्यापेक्षा. असं म्हणायचं आणि लगेच कपाटातलं निळं कापड डोळ्यांसमोर यायचं.

शेवटी मॅडम तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"हिरवा नाही," त्या म्हणाल्या.

मुंगीचा हात माऊसवर तसाच थांबला.

"पिवळा आहे. दोनदा मोजला, एकदा कुणाचा आहे ते न बघता आणि एकदा बघून. दोन्ही वेळा तोच. तुझ्या मामाचं अस्तर झिजलंय, बसून राहणाऱ्या माणसापेक्षा जास्त. नाचतो ना तो. पण लाल नाही. घाईनं कापायचं काही कारण नाही. दर सहा महिन्यांनी फोटो, आणि सरकत गेला तर वेळेवर नुसतं अस्तर बदलता येईल, बाकीचं सगळं आहे तसं राहील. लवकर कळलं म्हणजे हाच फायदा."

"आणि बाकीचे लाल?"

"एक निघाला वाकडा. काठीवर रेलून उभं राहिलेलं कुणीतरी. त्यांनाही परत बोलावलंय. उरलेले लालच आहेत, त्यांची कंबर सरळ आहे." मॅडम जायला वळल्या. "उद्यापासून काचा कमीजास्त दिसल्या तर फोटो माघारी. चालतंय हा शब्द इथं चालणार नाही."

मुंगीनं मान डोलावली, बाहेर गेली, जिन्यात बसली आणि मामाला फोन लावला. पण सांगायचं ते डॉक्टरांनी सांगायचं, तिनं नाही, हा नियम. म्हणून ती नुसतंच म्हणाली, "मामा, जेवायला काय आहे?"

पलीकडून मामा म्हणाला, "मुंगे, आवाज कसा गं तुझा एवढा खूश?" आणि ती म्हणाली, "जिना चढलेय," आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर तिघं बसलेली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. नाच चालेल, पण बेतानं, आणि ह्या वेळी बेत माझा, तुमचा नाही. उड्या बंद. गुडघ्यावर बसणं बंद. "आणि जोडीदाराला उचलून फिरवण्याचा प्रकार तर पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले.

मामाचा चेहरा पडला. "शेवटाला उचलणं होतं हो. तेच तर मुख्य होतं."

मामीनं त्याच्याकडे मान वळवली. "मला उचलणार होतात?"

"ते, म्हणजे, ऐनवेळी सांगणार होतो."

"ऐनवेळी," मामी म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले. ह्यांचा खुबा वाचला तो वाचलाच, पण माझं तर सगळंच वाचलं."

डॉक्टर इतके हसले की बाहेरून नर्स डोकावून गेली.

संध्याकाळी निळं कापड कपाटातून बाहेर आलं. मामीनं ते बेतलं, टाके घातले आणि मधेच उठून म्हणाली, "चला. शेवटाला उचलणं नाही तर काय करायचं ते ठरवा." टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या बाहेर ढकलल्या. मुंगी दारात टेकून बघत होती. मामा नुसतं उजव्या हातानं सुचवत होता, आता वळ, आता थांब, आणि मामी प्रत्येक वेळी एक ठोका उशिरा वळत होती, पण वळत होती. शेवटाला काय करायचं ते दोघांना सुचलं नाही, म्हणून गाणं संपल्यावरही ती दोघं तशीच फिरत राहिली. मुंगीला वाटलं, हेच बरंय, हाच शेवट ठेवा. पण तेवढ्यात मामीची टाच बरोबर मामाच्या बोटावर पडली.

मामा कळवळून एका पायावर उभा. "खुबा बघायला तुमची एवढी मोठी फौज," तो मुंगीला म्हणाला, "बोटांचं कोण बघतं गं तुमच्यात?"

"बोटं तुमची तुम्ही बघा," मामी म्हणाली. "आणि उड्या बंद सांगितल्यात ना, तो पाय खाली टेका आधी. चला, पहिल्यापासून."